कॅशमधील नोंद डिलीट केल्यानंतरही जुना आकडा परत कसा येतो?

प्रश्न

आमच्या ॲप्लिकेशनमध्ये वस्तूंचा तपशील आणि शिल्लक नगसंख्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असते. हा डेटा सतत वाचला जातो आणि त्या मानाने क्वचित बदलतो, म्हणून तो आम्ही रेडिसमध्ये कॅश करतो, म्हणजे मेमरीत डेटा ठेवणाऱ्या या सर्व्हरवर त्याची पटकन वाचता येणारी प्रत ठेवतो. पद्धत नेहमीचीच आहे: आधी कॅश पाहायची, तिथे नोंद नसेल तर डेटाबेसमधून वाचून ३६०० सेकंदांच्या मुदतीने ती ठेवायची, आणि डेटा बदलताना त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत (डेटाबेसमध्ये एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) ती डिलीट करायची. तरीही अधूनमधून डेटाबेसमध्ये ९ नग असताना स्क्रीनवर पुढचा तासभर १२ दिसत राहतात. डिलीट यशस्वी झाल्याची ओळ लॉगमध्ये आहे. मग जुना आकडा परत आणतो कोण? मुदत ६० सेकंदांवर आणावी असे एक सहकारी सुचवतात. परंतु त्याने दोष तसाच राहील, फक्त कमी वेळ दिसेल, असे मला वाटते.

प्रतिसाद १

‘त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत’ या शब्दांपाशी मी थांबलो. डिलीट होताच रेडिसमधील नोंद जाते, पण तुमचा बदल कमिट, म्हणजे पक्का, होईपर्यंत पोस्टग्रेस इतर सर्व कनेक्शनना जुनीच ओळ दाखवतो. या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसरी रिक्वेस्ट आली, तर तिला कॅश रिकामी मिळते, ती डेटाबेसमधून १२ वाचते आणि इमानेइतबारे तासभरासाठी कॅशमध्ये ठेवते. डिलीट कमिटनंतर करा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ऑन-कमिट आणि रेल्समध्ये आफ्टर-कमिट ही सोय त्यासाठीच आहे. कमिट झाल्यावर आणि डिलीट होण्यापूर्वी प्रोसेस बंद पडली तर जुनी नोंद राहून जाते, म्हणून मुदत मात्र काढू नका.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. डिलीट कमिटनंतर हलवल्यापासून हा प्रकार जवळजवळ थांबला होता, परंतु काल लोड जास्त असताना एकदा पुन्हा दिसला.

प्रतिसाद २

ते अपेक्षितच आहे, कारण फट अरुंद झाली असली तरी बुजलेली नाही. क्रम असा पाहा: पहिल्या रिक्वेस्टला कॅशमध्ये नोंद मिळाली नाही, तिने डेटाबेसमधून १२ वाचले, आणि कॅशमध्ये लिहिण्याआधी ती गार्बेज कलेक्शनमुळे (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या कामामुळे) म्हणा किंवा नेटवर्कमुळे म्हणा, क्षणभर अडकली. तेवढ्यात दुसरीने ९ लिहून कमिट केले आणि डिलीटही केले, पण डिलीट करण्यासारखे तिथे काही नव्हतेच. मग पहिली जागी झाली आणि हातातले शिळे १२ कॅशमध्ये ठेवून गेली.

मी अशा ठिकाणी टेबलमध्ये आवृत्तीचा रकाना ठेवतो, जो प्रत्येक बदलासोबत एकाने वाढतो. कमिटनंतर डिलीट न करता नवा डेटा आवृत्तीसह कॅशमध्ये लिहायचा, आणि कॅशमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकाने, वाचणाऱ्या रिक्वेस्टनेसुद्धा, रेडिसमध्येच चालणाऱ्या, लुआ भाषेतील एका छोट्या स्क्रिप्टमधूनच लिहायचे: तिथे आधीच वरची आवृत्ती असेल तर लिहिणे नाकारायचे. रेडिस ही स्क्रिप्ट मध्ये दुसरी कमांड येऊ न देता चालवतो, त्यामुळे आवृत्ती ७ उशिरा आली तरी ८ वर बसू शकत नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात मेमकॅश या त्यांच्या कॅशसाठी वेगळा उपाय सांगितला होता: नोंद न मिळणाऱ्याला एक टोकन द्यायचे आणि डिलीट झाले की ते टोकन रद्द करायचे. कल्पना देखणी आहे, पण त्यासाठी कॅश सर्व्हरमध्येच बदल लागतो.

प्रतिसाद ३

आवृत्तीचा उपाय मान्य आहे, तरी मेमरी भरल्यामुळे ८ ची नोंद मधेच काढली गेली तर ७ पुन्हा शिरू शकते. त्यामुळे मला खरी काळजी वेगळीच वाटते: हा १२ चा आकडा फक्त दाखवला जातो, की ऑर्डर स्वीकारतानाही वाचला जातो? दुसरे असेल तर तो निर्णय कॅशवर सोपवू नका. नग कमी करणाऱ्या अपडेटमध्येच ‘शिल्लक पुरेशी असेल तर’ ही अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आल्यास ऑर्डर नाकारा. स्क्रीनवरचा आकडा काही सेकंद मागे राहिला तर मग फारसे बिघडत नाही.

प्रश्नकर्ता

दुर्दैवाने तो ऑर्डर स्वीकारतानाही वाचला जातो. आधी तेच बदलतो, आवृत्तीचा रकाना त्यानंतर.