पीएसके३१ अल्ट्रासाउंडवर: लॅपटॉप हलला की अक्षरांचा काला होतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा अजून व्हायची आहे. लायसन्स हातात येईपर्यंत डिजिटल मोड (सिग्नलमधून मजकूर पाठवायच्या पद्धती) आवाजावरच शिकून घ्यावेत म्हणून हा खटाटोप.

एफएलडिजी या डिजिटल मोडच्या प्रोग्रॅममधून पीएसके३१चा (लहरीची फेज, म्हणजे आवर्तनातली जागा, उलटवून अक्षरं पाठवणारा मोड) १५०० हर्ट्झवरचा आवाज घेतो आणि ग्नू रेडिओ या सिग्नल हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये १७.५ किलोहर्ट्झच्या लहरीने गुणतो. सिग्नल १९ किलोहर्ट्झवर जातो. दुसऱ्या लॅपटॉपचा माइक ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर ऐकतो, तिथे परत गुणून खाली आणतो. गुणाकारात १६ किलोहर्ट्झवरही तेवढाच सिग्नल निघतो, तो गाळायला पहिल्या दिवशी विसरलो. मला ढिम्म ऐकू येत नव्हतं, पण नववीतली लेक कानांवर हात ठेवून आली, "बाबा, ते किर्र बंद करा!" आता फिल्टर लावलाय.

दोन्ही लॅपटॉप टेबलावर दीड मीटरवर ठेवले की अक्षर न् अक्षर बरोबर येतं. एक उचलून चालायला लागलो की वॉटरफॉलवरची (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रातली) सरळ रेघ नागमोडी होते आणि पडद्यावर नुसता कचरा. आवाज वाढवून पाहिला, स्पीकर फाटायला लागला. पीएसके१२५ने (त्याचाच चौपट वेगवान भाऊ) थोडा फरक पडला, पण त्यात लॅपटॉप जागेवर असतानाही चुका येतात, लोखंडी कपाटाजवळ तर जास्तच. काय चुकतंय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
डॉपलर, दुसरं काही नाही: पाठवणारा किंवा ऐकणारा हलला की वारंवारता बदलते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. लॅपटॉप सेकंदाला अर्धा मीटर सरकला तरी १९ किलोहर्ट्झवर २८ हर्ट्झ इकडेतिकडे होतात. पीएसके३१चा एक सिंबॉल (सिग्नलचा एक ठोका) ३२ मिलिसेकंदांचा, तेवढ्यात फेज जवळजवळ पूर्ण गिरकी घेते. मग डीकोडर कशाच्या आधारावर ओळखणार? रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, म्हणून तिथे चालण्याने काही बिघडत नाही.

पीएसके१२५चा सिंबॉल ८ मिलिसेकंदांचा. भिंतीवरून तीन मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी जवळपास ९ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे थेट पुढच्या सिंबॉलवर बसतो.

फेजचा नाद सोडा, ऑलिव्हिया ८/५०० (५०० हर्ट्झ रुंदीत आठ टोन वापरणारा मोड) लावून बघा. टोन ६२.५ हर्ट्झ अंतरावर असतात आणि तीन अक्षरं ६४ सिंबॉलांवर पसरलेली असतात, त्यामुळे मधले थोडे गेले तरी निभावतं. वेग मात्र सेकंदाला तीनच अक्षरं.

आणि माइकचं नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारी सोय) बंद केलंय ना?

मूळ धागाकर्ता:
नव्हतं केलं! आत्ता केलं. ऑलिव्हियावर हॉलभर चालून आलो, दोनच अक्षरं चुकली. पळून बघायचं राहिलंय, जेवण झाल्यावर.