मदत हवी आहे: ‘आगाऊ’ माणूस नेमका कुणाच्या पुढे गेला?

परवा एसटी स्टँडवर ‘आगाऊ आरक्षण’ची खिडकी शोधत होतो. रांगेत एक पोरगं सगळ्यांना ढकलत पुढे घुसलं. मागच्या आजी करवादल्या, “काय आगाऊ कार्टं आहे!” वर पाटी आगाऊ, खाली कार्टं आगाऊ. तेव्हापासून डोक्यात भुंगा.

संस्कृत ‘अग्र’, प्राकृत ‘अग्ग’, त्यातून ‘आगाऊ’, म्हणजे पुढचा, वेळेआधीचा, एवढं कळतं. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना इथपर्यंत ठीक. पण त्याला उद्धटपणाचा वास कधी लागला? हिंदीतला ‘अगाऊ’ तर बिचारा ॲडव्हान्सपुरताच राहिला. माझा अंदाज: मोठे बोलत असताना आधीच तोंड घालणारा तो आगाऊ. ‘पुढेपुढे करणं’ही आपल्याकडे कौतुकाचं नाहीच. (‘शिष्ट’चा तर अर्थच उलटला. मूळचा सुसंस्कृत, आता नाक वर करून चालणारा!)

जुन्या पत्रांत, बखरींत किंवा शब्दकोशात ‘आगाऊ’ उर्मट या अर्थाने कुणाला सापडलाय का? कोकणात, विदर्भात, गोव्यात याच अर्थाने वापरतात, की तिथे वेगळा शब्द आहे? वाक्यासकट सांगितलंत तर फार बरं होईल.