कामात मजा येते की आणावी लागते?

आकडेमोड्या
परवा एका मित्राशी यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथे टाकतोय. तो म्हणतो आवडीचं काम मिळालं नाही तर नुसते दिवस ढकलायचे, दुसरं काही हातात नसतं. मी अकाउंट्समध्ये आहे, 17 वर्षं झाली. लहानपणी कोणी विचारलं असतं तर हे काम मी नक्कीच सांगितलं नसतं. पण महिनाअखेरीला बेरीज जुळत नसते, फरक येतो 63 चा, सगळे डोकं धरून बसलेले असतात आणि एकदम ट्यूब पेटते की अरे 63 ला 9 ने भाग जातोय, म्हणजे बहुतेक कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे टाईप झालेत, आणि 9 सत्ते 63 म्हणजे त्या दोन आकड्यांत 7 चा फरक असणार, 18 चे 81 किंवा 29 चे 92, मग तेवढ्याच एन्ट्र्या चाळत जायचं आणि सापडते! तेव्हा जे वाटतं ते मला सुट्टीत लोळूनही वाटत नाही. मित्र म्हणे याला आनंद नाही, सवय म्हणतात. माझं म्हणणं असं की आधी हात बसतो, आवड मागून येते. पटतंय का कोणाला?

रात्रपाळी
नाही पटत. मी कस्टमर केअरला आहे, 6 वर्षं. हात असा बसलाय की झोपेत कॉल घेईन. आवड अजून वाटेतच आहे, कुठे अडकलीये माहीत नाही 😀 तुमचा तो 63 शोधायला तुम्हाला कोणी स्टॉपवॉच लावत नाही. आमच्याकडे कॉल किती मिनिटांत संपवायचा ते ठरलेलं, काय बोलायचं ते स्क्रीनवर लिहिलेलं, जागेवरून उठलात तर त्याचीही नोंद. एकदा एका आजींना पासवर्ड बदलता येत नव्हता. मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि एकेक बटण सांगत बसले, 22 मिनिटं लागली, शेवटी जमलं. खूप बरं वाटलं. आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्याच कॉलमुळे माझे मार्क कापले. आता सांगा, मजा माझ्यात कमी आहे का कामात?

पुस्तकी किडा
दोघंही अर्धे बरोबर वाटताय. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, काम करताना वेळेचं भान सुटतं त्या तंद्रीला 'फ्लो' म्हणायचे. कामाची अवघडी आणि आपलं कसब जोडीला जोड असलं की ती लागते. 1989 साली त्यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर 78 नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले, पेजर वाजला की तेव्हा काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. तर तंद्री लागण्याचे प्रसंग फावल्या वेळेपेक्षा कामातच कितीतरी जास्त निघाले, आणि तरी कामावर असताना लोकांना वाटत काय होतं तर इथून सुटावं! म्हणजे मजा येत असते आणि आपल्याला ती कळत नाही असंही असू शकतं.

तिरकस
आता मजा आली की नाही तेही पेजर सांगणार का. साहेब लोकांना असलं संशोधन फार आवडतं, पगारवाढ मागितली की 'कामात आनंद शोधा' म्हणून सेशन ठेवतात. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्येच मांडलंय की पगार, वरिष्ठांचं वागणं, कामाची जागा हे नीट नसेल तर माणूस वैतागतो, आणि नुसतं तेवढं नीट झालं म्हणून खूशही होत नाही. दुसरा भाग सगळे सांगतात, पहिला सोयीस्कर विसरतात. आधी वैताग काढा, मग बघू आनंदाचं.

फ्लॅशवाला
माझी उलटीच गंमत. फोटोग्राफी जीव की प्राण होती म्हणून नोकरी सोडून तेच काम धरलं. आता रविवारी कॅमेऱ्याकडे बघवत नाही. क्लायंटला 400 फोटो हवे असतात, त्यातले मला आवडलेले तो कधीच घेत नाही. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर 1973 साली एक प्रयोग झाला होता, चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रं काढायला बाकीच्यांपेक्षा कमी वळली. वाचलं तेव्हा वाटलं की हा मीच. त्यामुळे आकडेमोड्या म्हणतात तसं आवड नसलेलं काम बरं, निदान आवड तरी शाबूत राहते.

चहाटळ
@फ्लॅशवाला ते बक्षीस आधी कबूल केलं होतं म्हणून. त्याच प्रयोगात ज्या मुलांना काही न सांगता नंतर अचानक बक्षीस दिलं त्यांची आवड कमी झाली नाही. तुम्ही क्लायंटला सांगा, पैसे न सांगता द्या 😂

आकडेमोड्या
@रात्रपाळी तुमचं वाचून जरा गप्प झालो खरं. हात बसला की आवड येते हे मी फारच सरसकट बोललो. मला फरक कुठे शोधायचा ते मी ठरवतो, किती वेळ घालवायचा तेही बऱ्यापैकी मीच, ते धरलंच नव्हतं मी. पण एक सांगू का, त्या 22 मिनिटांचं तुम्ही जसं लिहिलंय त्यावरून मजा कामातच होती असं मला अजूनही वाटतं, ती मार्क कापणाऱ्यांनी घालवली. @तिरकस, सेशनवाल्यांच्या बाजूने मला धरू नका, मीही मागच्या बाकावर झोपतो.

तिरकस
झोपण्यात आनंद मिळतो ना, मग झालं.

रात्रपाळी
@आकडेमोड्या मजा होती हे मान्य, मी नाही कुठे म्हटलं. पण तशा कॉलची किंमत मी माझ्या मार्कांतून भरायची आणि वर मलाच म्हणायचं की बघ काम किती छान आहे, हे नाही चालत. तुम्ही नाही म्हणालात तसं, पण म्हणणारे ढीगभर आहेत.

चहाटळ
ते जाऊ दे, आजींचं पुढे काय झालं?

रात्रपाळी
काय होणार, इतक्या खूश झाल्या की नवीन पासवर्ड मलाच मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. म्हटलं आजी, तो कोणाला सांगायचा नसतो. तर म्हणाल्या, अगं तू कोणी आहेस का. तो कॉल रेकॉर्डवर आहे, क्वालिटीवाल्यांनी तेवढा भाग दोनदा ऐकला म्हणे.