मदत हवी आहे: टिग्रेचे रास मेंगेशा सेयूम यांच्याबद्दल

नमस्कार मंडळी, इथियोपियातल्या टिग्रे प्रांताचे वंशपरंपरागत गव्हर्नर रास मेंगेशा सेयूम यांच्याबद्दल वाचतोय, सम्राट योहानेस चौथे यांचे पणतू, 1960 च्या बंडात वडील मारले गेले आणि मग प्रांत यांच्याकडे आला. हा माणूस म्हणे शर्टाच्या बाह्या सरसावून मजुरांसोबत रस्ते बांधायचा, मला तर हे फारच भारी वाटलं! 1974 ला दर्गची (सम्राटांना हटवून सत्तेवर आलेली लष्करी राजवट) अटक टाळून डोंगरात गेले, पण पत्नी आयदा देस्ता, सम्राट हैले सेलासींची नात, तब्बल 14 वर्षं तुरुंगात. त्या काळी बरेच भारतीय शिक्षक इथियोपियात होते ना, तर कुणाचे आईवडील, काका-मामा टिग्रेतल्या मेकेले, अदवा भागात शिकवायला होते का? आठवणी, फोटो, पत्रं काहीही चालेल, प्लीज कळवा.