करोनाचा विषाणू मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, पण बिघाड बहुतेकदा दुसऱ्याच वाटेने
"करोना हा फुप्फुसांचा आजार, मूत्रपिंडं बिघडली ती औषधांमुळे," असं कुणीतरी लिहिलंय. मला ते अर्धंच पटतं. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून, आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर हे प्रथिन भरपूर असतं. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या डॉक्टरांना शवविच्छेदनात मूत्रपिंडातही विषाणू सापडला. म्हणजे तो तिथे पोहोचू शकतो, एवढं नक्की. पण जिवंत रुग्णांच्या बायोप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तो बहुतेकदा दिसला नाही. नुकसान जास्त होतं ते रक्तदाब उतरल्याने, ऑक्सिजन कमी पडल्याने, रक्ताच्या बारीक गुठळ्यांनी आणि भडकलेल्या प्रतिकारशक्तीने. काही औषधं भर घालतात, हे खरंच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोथरूडला माझे सासरे आजारी होते. आम्हा सगळ्यांचे डोळे ऑक्सिमीटरवर. लघवी कमी झालीय हे सगळ्यांत आधी सासूबाईंच्याच लक्षात आलं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालत नसली की साठणारा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं निघालं. डायलिसिसची वेळ आली नाही, पण ते दिवस मी विसरलेले नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी बरं झाल्यावरही क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, आणि अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.