दुसऱ्याच्या संत्राबागेचं उदाहरण हे ताणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे का?

कळमेश्वर_संत्रा: आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) डिसेंबरात पाणी तोडायचं आहे, म्हणजे झाडांना ताण द्यायचा आहे. जमीन काळी, भारी, चार फूट खोल. ताण किती दिवस द्यायचा असं विचारलं की एकच ऐकू येतं, "काटोलकडच्या एका बागेत 30 दिवसांत बहार फुटला, तेवढाच द्या." हे उत्तर धरायचं का?

खोलमाती: भाऊ, त्या बागेची जमीन कशी हे सांगितलं नसेल तर धरू नका. ताण ठरतो तो मुळांजवळच्या ओलीवर. दीड फुटावर मुरूम लागला तर महिन्याभरात पानं मलूल होतात. तुमच्या मातीत चिकण जास्त, थंडीत बाष्पीभवन कमी. वर भेगा पडल्या तरी खालची मुळं पाणी ओढत राहतात. तिथे 45 ते 60 दिवसही लागतात. 30 व्या दिवशी पाणी सोडलं तर फुलांऐवजी नवती (नवी पालवी) निघेल. उलट 60 दिवस मुरमाडात दिले तर फांद्या वाळतील. पानं सकाळीही मलूल दिसली आणि साधारण चौथा हिस्सा गळाली, की ताण तोडा, म्हणजे पाणी सुरू करा. पहिलं पाणी हलकंच.

जंबेरी_खुंट: उदाहरण अगदीच वाया नाही. "भारी जमिनीत आंबिया येतच नाही" असं कोणी म्हटलं, तर तशा जमिनीतली एक फुललेली बाग ते खोडायला पुरते. पण "किती दिवस" याला एक बाग पुरत नाही. शिवाय त्याच हिशेबानं ताण देऊनही न फुटलेल्या बागांचं कोणी सांगतच नाही! सांगणाऱ्याला विचारा: मातीची खोली किती, खुंट (ज्या झाडावर कलम बांधलं ते) जंबेरी की रंगपूर लाईम, झाडाचं वय, मागच्या बहाराचं ओझं, ताणात पाऊस आला का. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) फळं झाडावर असलेल्या बागेशी तर तुलनाच नको, तिथे डिसेंबरात पाणी तोडता येत नाही.

कळमेश्वर_संत्रा: आणि पानं मलूल झालीच नाहीत तर?

खोलमाती: आधी ठिबकचा व्हॉल्व्ह गळतो का, शेजारच्या गव्हाचं ओलित झिरपतं का, ते बघा. दोन फूट खणा. मातीचा गोळा वळत असेल तर ताण बसलेला नाही. भारी जमिनीत ताण देताना क्लोरमेक्वाट क्लोराईड (वाढ रोखणारं औषध) 50 टक्के, लिटरला 2 मिली फवारतात. फवारण्याआधी नागपूरच्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जमीन आणि झाडाचं वय सांगून मात्रा पक्की करून घ्या.