चेन टाइट करताना हात कुठे चुकला? तुमचे अनुभव लिहा

परवा एका मित्राची मोटरसायकल नुसती ढकलून बाजूला लावायची होती, तर ती जड लागली. चेन बोटाने दाबून पाहिली, तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. आठच दिवसांपूर्वी गॅरेजमध्ये ‘मस्त टाइट करून’ घेतली होती म्हणे. सैल चेन वाजते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जातं. ताणलेली चेन मात्र गुपचूप बेअरिंग खाते.

मी स्वतः ही चूक दोन वर्षं केली. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक लोंबतंय, अशा वेळी चेनचा झोल, म्हणजे बोटाने वर-खाली हलण्याइतका ढिलेपणा, घालवून टाकायचो. पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे वर-खाली वळतो तो खिळा) आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. दोघं बसलो, खड्डा आला, शॉकअप दबले की नेमकं तेच व्हायचं आणि चेनला सैल व्हायला जागाच नसायची. शेवटी पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागलं. उघडलं तर सील गेलेलं, गिअरबॉक्सचं बेअरिंगही हलत होतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 20 ते 30 मिलिमीटर झोल लिहिलाय. तो मी तेव्हा वाचलाच नव्हता. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो आणि तो कुठल्या स्टँडवर मोजायचा हेही पुस्तिकेत असतं, तेवढं बघाच.

तुमचं काय झालं, कसं निस्तरलंत, सविस्तर लिहा.

कोल्हापूरजवळचं गाव, दुधाची गाडी

रोज पहाटे दोन्ही बाजूंना 40 लिटरचा एकेक कॅन लावून डेअरीला जातो. चेन लवकर वाढते. मोकळ्या गाडीवर झोल बरोबर वाटतो, कॅन लादले की चित्र बदलतं. म्हणून कॅन भरून, मी गाडीवर बसून, धाकट्या भावाला खालची चेन बोटाने हलवायला सांगतो. लादलेल्या गाडीतही थोडी हलली पाहिजे. आणि चेन एकाच जागी बघू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. जिथं सगळ्यात ताठ लागते, तिथं माप घ्यायचं.

आणखी एक. चेन ओढायला चाक मागं सरकवलं की ड्रम ब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेकही धरतो. रॉडचा नट सैल करून पॅडल परत जुळवून घ्यायचं. मी एकदा विसरलो आणि डेअरीपर्यंत ड्रम इतका तापला की हात लावायच्या लायकीचा राहिला नाही.

दापोली

आमच्याकडे जून ते सप्टेंबर चेन म्हणजे तांबडी माती आणि खारा वारा. आधी सगळ्यांसारखं इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल ब्रशने फासायचो. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो चेनवरच घासत राहतो. ग्रीसही लावून पाहिलं. ते रोलरच्या आत शिरत नाही, बाहेर बसून वाळू गोळा करतं. आता संध्याकाळी घरी आलो की चेन कोमट असतानाच रॉकेलच्या फडक्याने पुसतो, कोरडी करतो आणि खालच्या पट्टीला आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडत चाक हाताने फिरवतो. रात्रभर मुरू देतो, सकाळी जादाचं पुसून टाकतो. निघताना घाईघाईने लावलं तर ते रिमवर आणि टायरवर उडतं.

ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दूरच ठेवा. कारखान्यात भरलेलं ग्रीस त्या रबरी रिंगांनीच आत धरून ठेवलेलं असतं. रिंग गेली की ते ग्रीस निघून जातं, मग वरून कितीही ऑइल घाला, त्याची भरपाई होत नाही.

नाशिक

मी मागे बसणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. ह्यांनी गाडी छान दिसावी म्हणून साडीगार्ड काढला होता, चेनवरचं कव्हरही अर्धं कापलेलं. पंचवटीच्या रस्त्यावर माझा पदर चेनमध्ये गेला. वेग कमी होता म्हणून वाचले, पण खांद्यावर पदराचा वळ महिनाभर होता. मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून संरक्षण हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 123 व्या नियमातच आहे. माझ्या वडिलांच्या सीडी 100 ची चेन पूर्ण झाकलेली असायची. कव्हरला एक रबरी बूच होतं, ते काढून ते बोटाने झोल बघायचे. चिखल नाही, कपडा अडकायची भीती नाही.

पुणे

थोडक्यात लिहितो. इंजिन चालू, गाडी पहिल्या गिअरमध्ये, डबल स्टँडवर, हातात चेन पुसायचं फडकं. फडकं स्प्रॉकेटने ओढलं आणि त्याबरोबर उजव्या हाताची तर्जनी. वरचं पेर गेलं. चाक हातानेच फिरवा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चावी खिशात.

लातूर

गिअर टाकताना धक्का बसायचा, म्हणून मी तीनदा चेन ओढून घेतली. धक्का जाईना. दोष मागच्या ड्रममधल्या धक्का शोषणाऱ्या रबरांचा निघाला, दाबून पार चपटे झाले होते. ते बदलले आणि गाडी मऊ झाली. त्यानंतर नुसती चेन बदलायची चूकही केली, जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असताना. नवी चेन काही महिन्यांतच कामातून गेली. आता पूर्ण सेटच बदलतो.

महाड

वरंधा घाटात चेन निसटली. पाहिलं तर जोडकडीचं लॉक गायब. दोन दिवसांपूर्वी चेन बदलली होती आणि लॉक उलटं बसवलं होतं. क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. नशीब, चेन चाकात अडकली नाही. एका दूधवाल्याने डिकीतून सुटं लॉक काढून दिलं, पकडीने बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझ्या टूलकिटमध्येही एका जुन्या डबीत दोन लॉक असतात. त्यातलं एक गेल्या महिन्यात माणगावच्या अलीकडे एका मुलाला दिलं.